जो नियम ॲपला, तोच जाहिरातीला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर नवीन फोन, नवीन फीचर यांच्या बातम्या मी नेमाने वाचतो आणि त्या वाचताना बऱ्याच दिवसांपासून जी गोष्ट डोक्यात घोळतेय ती आज लिहूनच टाकतो. मी ॲप टेस्टिंगच्या कामात आहे, म्हणजे ॲप स्टोअरला पाठवायच्या आधी ते नीट चालतंय का, स्क्रीनशॉटमध्ये दाखवलंय तेच ॲपमध्ये आहे का, डिस्क्रिप्शनमध्ये काही जास्तीचं लिहिलेलं नाही ना, हे सगळं बघायचं. त्यामुळे या मोठ्या कंपन्या दुसऱ्यांना काय नियम लावतात ते मी दिवसभर बघतो, आणि मग त्याच कंपन्यांच्या जाहिराती बघतो, त्यात कुणीतरी मोठा ॲक्टर फोन हातात धरून हसत असतो, आणि या दोन्हीचा मेळ काही केल्या लागत नाही.

आधी नियम काय ते सांगतो, कारण या धंद्याबाहेरच्या लोकांना ते माहीत असायचं कारण नाही. ॲपलच्या गाईडलाईनमध्ये सरळ लिहिलंय की डेमो, बीटा किंवा ट्रायल व्हर्जन ॲप स्टोअरवर चालणार नाही. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी ही नियमावली पहिल्यांदा डेव्हलपर लोकांसमोर ठेवली तेव्हाही हा नियम त्यात होता. दुसरा नियम असा की स्क्रीनशॉटमध्ये ॲप वापरताना जसं दिसतं तसंच दाखवायचं, नुसतं टायटलचं चित्र किंवा लॉगिनचं पान टाकायचं नाही, आणि जे फीचर ॲपमध्ये नाही ते डिस्क्रिप्शनमध्ये लिहायचं नाही. यात जरा इकडंतिकडं झालं की रिजेक्ट. मग कुठल्या कलमाखाली रिजेक्ट झालं तो नंबर येतो, सोबत ठरलेला मजकूर, आणि नेमकं काय बदलायचं ते आपण अंदाजाने शोधत बसायचं. रिलीजची तारीख क्लायंटला सांगून ठेवलेली असते, टीम रात्री थांबलेली असते आणि स्टेटस काही 'इन रिव्ह्यू' वरून हलत नाही. तरीही सांगतो, हे नियम मला पटतात. पैसे देणारा माणूस चित्र बघूनच घेतो, मग चित्र खरं हवं, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण हा नियम करणाऱ्या कंपनीने स्वतःच्या बाबतीत काय केलं ते बघा. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस आला, त्यात सिरी हे बोलून कामं सांगायचं फीचर होतं, आणि त्यावर बीटा हा शिक्का खुद्द ॲपलनेच मारला होता. म्हणजे हे अजून पूर्ण झालेलं नाही, यात चुका होतील, असं कंपनीच म्हणत होती. आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याच बीटाच्या सेलिब्रिटी जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या. सॅम्युअल एल. जॅक्सन घरात जेवणाची तयारी करता करता सिरीशी बोलतोय, झोई डेशनेल खिडकीबाहेर बघत पाऊस पडतोय का विचारतेय, मग जॉन माल्कोविच खुर्चीत बसून एकेक शब्द बोलतोय, जुलैमध्ये मार्टिन स्कॉर्सेसी टॅक्सीत बसून मीटिंगा पुढेमागे करून घेतोय, आणि सगळं पहिल्या फटक्यात. सिरीला एकदाही ऐकू आलं नाही असं होत नाही, एकदाही भलतंच उत्तर येत नाही. ज्यांनी तेव्हा तो फोन वापरला त्यांना आठवत असेल की साधं नाव घ्यायचं तरी दोन-दोनदा बोलावं लागायचं आणि नेट स्लो असलं की ते नुसतं विचार करत बसायचं. या सेलिब्रिटी जाहिराती यायच्या आधीच, मार्च २०१२ मध्ये, अमेरिकेत एका ग्राहकाने केस टाकली होती की जाहिरातीत दाखवता तसं सिरी चालत नाही. ती केस कोर्टात टिकली नाही. बीटाचा शिक्का निघाला तो सप्टेंबर २०१३ मध्ये, आयओएस ७ बरोबर. दुसऱ्या कुणाचं बीटा असतं तर ते स्टोअरच्या दारातूनच परत गेलं असतं, इथे मात्र त्याच बीटावर हॉलिवूडचे चार-चार चेहरे लावून फोन विकला.

कुणी म्हणेल की हे जुनं झालं, कंपन्या तेव्हा शिकत होत्या. म्हणून २०२४ चं सांगतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ आला तेव्हा बेला रॅमझी या ॲक्टरला घेऊन एक जाहिरात केली होती. समोरून एक माणूस येतोय, त्याचं नाव आठवत नाही, म्हणून सिरीला विचारायचं की दोन महिन्यांपूर्वी अमुक कॅफेमध्ये ज्याच्याशी मीटिंग झाली होती त्याचं नाव काय, आणि सिरी कॅलेंडरमधून शोधून लगेच नाव सांगतं. फार सुंदर जाहिरात होती, ती बघून फोन घ्यावासा वाटेल अशीच. पण ते फीचर त्या फोनमध्ये नव्हतं. लाँचच्या दिवशी नव्हतं, त्यानंतर ऑक्टोबरपासून ॲपल इंटेलिजन्सची, म्हणजे ॲपलच्या एआयची, बाकी फीचर्स हळूहळू आली त्यातही नव्हतं, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की याला अजून वेळ लागेल आणि ती जाहिरात मागे घेतली. तोवर सहा महिने फोन विकून झाले होते. अमेरिकेत जाहिरातींवर लक्ष ठेवणारी नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजन आहे, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की 'आत्ता उपलब्ध' असं जे लिहिताय ते काढा किंवा बदला. ग्राहकांनी केसही टाकली.

आता माझ्यासारख्याला यात काय खुपतं ते सांगतो. आम्ही एखाद्या ॲपच्या प्रीव्ह्यू व्हिडिओत पुढच्या व्हर्जनला येणारं एक बटन जरी दाखवलं तरी ते रिजेक्ट होतं आणि ते बरोबरच आहे. मग ज्या कंपनीला हा नियम इतका नीट कळतो, ज्या कंपनीकडे हे तपासायला माणसं बसवलेली आहेत, त्याच कंपनीच्या जाहिरात विभागाला कुणी विचारलं नाही का की बाबांनो हे फीचर चालणाऱ्या व्हर्जनमध्ये कुठंय, दाखवा. ज्या टेबलावर आमचे स्क्रीनशॉट तपासले जातात त्या टेबलावरून ही जाहिरात एकदा जाऊ दिली असती तर ती पहिल्याच दिवशी परत आली असती.

आणि सेलिब्रिटी घेण्याचं कारण मला तरी इथेच दिसतं. चालणारी गोष्ट असली की ती नुसती दाखवली तरी पुरते. जी अजून चालत नाही तिला ओळखीचा चेहरा लागतो, कारण आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो आणि फीचरबद्दल प्रश्न विचारायचं राहून जातं. फेसबुकची मालक कंपनी मेटाने सप्टेंबर २०२३ मध्ये गप्पा मारणारी २८ एआय कॅरेक्टर आणली, त्यात स्नूप डॉग, टॉम ब्रेडी, केंडल जेनर, पॅरिस हिल्टन, नाओमी ओसाका असे चेहरे, आणि गंमत म्हणजे चेहरा जेनरचा पण नाव बिली, म्हणजे तुम्ही तिच्याशी बोलताय असंही नाही आणि नाही असंही नाही. एकेकाला ५० लाख डॉलरपर्यंत दिल्याच्या बातम्या होत्या. वर्षभराच्या आत सेलिब्रिटींचे चेहरे असलेली कॅरेक्टर बंद केली. ॲमेझॉनने अलेक्सासाठी त्याच सॅम्युअल जॅक्सनचा आवाज २०१९ पासून पैसे घेऊन विकला आणि २०२३ मध्ये बंद केला. त्याच्याही आधी ब्लॅकबेरीने जानेवारी २०१३ मध्ये अलिशा कीज या गायिकेला ग्लोबल क्रिएटिव्ह डायरेक्टर असं मोठं पद दिलं, पुढच्याच महिन्यात तिच्या अकाउंटवरून आयफोनवरून केलेलं ट्वीट गेलं, ती म्हणाली अकाउंट हॅक झालं होतं, आणि वर्षभरात ती तिथून गेली. तेव्हा ब्लॅकबेरीला ॲप्स हवी होती, डेव्हलपर हवे होते, लोक फोन सोडून जात होते ते त्यासाठी. गायिकेला पद देऊन त्यातलं काय सुटणार होतं ते मला आजही कळलेलं नाही.

याहून वाईट म्हणजे जिथे चेहरा किंवा आवाज विचारूनही मिळाला नाही तिथलं. स्कार्लेट जोहान्सनने जाहीर सांगितलंय की सप्टेंबर २०२३ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीला तिचा आवाज मागितला होता, तिने नकार दिला, आणि मे २०२४ मध्ये जो 'स्काय' नावाचा आवाज डेमोत ऐकवला तो ऐकून तिच्या जवळच्या लोकांनाही तो तिचाच वाटला. कंपनी म्हणते की तो दुसऱ्या ॲक्ट्रेसचा आवाज होता, नक्कल नव्हती. पण डेमोच्या दोन दिवस आधी तिच्या एजंटला परत फोन गेला होता असं ती म्हणते, आणि तिने वकील लावल्यावर तो आवाज काढून घेतला. तिच्याकडे वकील होता म्हणून, साध्या व्हॉईस आर्टिस्टने काय केलं असतं.

आता दुसरी बाजू, ॲप मंजूर करण्याची. ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं आणि ऑगस्टमध्येच 'आय ॲम रिच' नावाचं ॲप मंजूर झालं. ९९९.९९ डॉलर किंमत आणि काम काय, तर स्क्रीनवर एक लाल चमकणारा खडा दाखवणं. आठ जणांनी विकत घेतल्यावर ते काढलं. एप्रिल २००९ मध्ये 'बेबी शेकर' मंजूर झालं, ज्यात रडणारं बाळ गप्प होईपर्यंत फोन हलवायचा होता. लोक खवळले, ॲपलने माफी मागून ते काढलं, पण ते कुणीतरी तपासून पास केलं होतं ना. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्क फिओर या व्यंगचित्रकाराचं ॲप नाकारलं, कारण त्यात सार्वजनिक जीवनातल्या लोकांची टिंगल आहे. राजकीय व्यंगचित्रकाराच्या ॲपमध्ये दुसरं काय असणार. एप्रिल २०१० मध्ये फिओरला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मोठं पारितोषिक मिळालं, ही नकाराची गोष्ट पेपरात आली, आणि लगेच ॲपलकडून निरोप आला की परत पाठवा, मग ते मंजूर झालं. स्टीव्ह जॉब्सने ती चूक होती असं मान्य केलं, आणि त्या वर्षी नियमावली आली तेव्हा त्यात व्यावसायिक राजकीय व्यंगकारांना सूट असल्याचं लिहिलं गेलं. फिओरसाठी चांगलंच झालं. पण ज्या चित्रकाराला पुलित्झर मिळालं नाही त्याचं काय, त्याचंही ॲप तसंच असेल, कार्टूनही तितकीच चांगली असतील, तो त्या रिजेक्शनच्या मेलसोबत तिथेच अडकून बसला असेल आणि त्याची बातमी कुठेच आली नसेल.

हे पहिल्यापासून असंच चालत आलंय, आणि मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं. २०१० च्या त्या नियमावलीत एक वाक्य होतं, त्याचा अर्थ असा की प्रेसकडे जाऊन आमची बदनामी केलीत तर त्याचा काही उपयोग होत नाही. प्रत्यक्षात उपयोग झाला तो प्रेसकडे गेल्यावरच. जून २०२० मध्ये 'हे' (Hey) नावाच्या ईमेल ॲपचं अपडेट अडवलं, कारण सबस्क्रिप्शन ॲपलच्या सिस्टिममधून विकत नव्हते, म्हणजे ३० टक्के कमिशन मिळत नव्हतं. त्या कंपनीचे मालक आधीच नावाजलेले होते, त्यांनी ट्विटरवर रान उठवलं, आणि आठवड्याभरात तोडगा निघाला, शिवाय ॲपलने जाहीर केलं की यापुढे डेव्हलपर नियमालाच आव्हान देऊ शकतील आणि नियमांच्या वादापायी बग फिक्स अडवून ठेवणार नाही. ऑगस्टमध्ये वर्डप्रेसच्या फुकट ॲपच्या बाबतीत तेच, अपडेट अडवलं, बोंब झाली, माफी मागितली. आणि यात सेलिब्रिटी पाहिजेच असेल तर जून २०१५ घ्या. ॲपल म्युझिकच्या तीन महिन्यांच्या फ्री ट्रायलमध्ये कलाकारांना पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं होतं, छोटे लेबल आणि बँड त्याबद्दल आधीपासून ओरडत होते. टेलर स्विफ्टने एक खुलं पत्र लिहिलं आणि एका दिवसात निर्णय फिरला. तिने पत्र लिहिलं याबद्दल तिचं कौतुकच आहे, तिने स्वतःच लिहिलं होतं की हे माझ्यासाठी नाही, नवीन कलाकारांसाठी आहे. पण जी गोष्ट छोट्या बँडनी सांगून चुकीची ठरत नव्हती ती तिने सांगितल्यावर एका रात्रीत चुकीची कशी ठरली. जो निर्णय प्रसिद्ध माणसाने बोलल्याशिवाय तपासला जात नाही तो निर्णय आधी कुणी विचार करून घेतलाच नव्हता असं मी समजतो.

सरकारने दबाव आणला की काय होतं तेही बघितलंय आपण. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनातलं नकाशाचं ॲप आधी नाकारलं, मग मंजूर केलं, मग चीनच्या सरकारी पेपरने टीका केल्यावर काढलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत इमिग्रेशनच्या पथकांची माहिती देणारं आइसब्लॉक हे ॲप ॲटर्नी जनरलच्या मागणीनंतर काढलं, जे त्याच वर्षी आधी तपासून पास केलेलं होतं. नियमावली तीच, ॲप तेच, फक्त फोन करणारा बदलला.

मान्य, काम सोपं नाही. एपिक या गेम कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात २०२१ साली बाहेर आलं की आठवड्याला साधारण एक लाख सबमिशन येतात आणि तपासणारी माणसं पाचशेच्या आसपास. ॲपलच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये ७७ लाखांच्या वर सबमिशन तपासली आणि १९ लाखांच्या वर नाकारली. इतक्या ढिगात चुका होणारच, आणि जे फ्रॉड त्यांनी अडवले ते आपल्याला दिसत नाहीत हेही खरं. पण त्याच खटल्यात ॲपलच्या आतले ईमेलही बाहेर आले. २०१२ मध्ये एका लोकप्रिय गेमची नक्कल स्टोअरवर पहिल्या नंबरला पोचली तेव्हा ॲपलचे बडे अधिकारी फिल शिलर यांनी वैतागून आपल्याच लोकांना विचारलं होतं की हे काय चाललंय. आणि फ्रॉड बघणाऱ्या त्यांच्याच इंजिनियरने रिव्ह्यूबद्दल लिहिलं होतं की बंदुकीच्या लढाईत आपण प्लास्टिकची बटर लावायची सुरी घेऊन उतरलोय. आतल्या माणसाला हे माहीत होतं आणि बाहेर आपल्याला मात्र सांगत होते की स्टोअर म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा, म्हणून तर ३० टक्के कमिशन, छोट्यांना २०२१ पासून १५ टक्के.

त्या विश्वासाची किंमत कोण देतं ते २०२१ च्या सुरुवातीला दिसलं. ट्रेझर नावाचं बिटकॉइन ठेवायचं उपकरण असतं, त्या कंपनीचं आयफोनवर ॲपच नव्हतं. कुणीतरी त्याच नावाने आणि लोगोने खोटं ॲप टाकलं, ते मंजूर झालं, आणि एका माणसाने त्यात आपली माहिती भरल्यावर त्याचे १७.१ बिटकॉइन गेले, तेव्हाचे साधारण सहा लाख डॉलर. ॲपलचं म्हणणं असं की तपासताना ते दुसऱ्याच कामाचं ॲप म्हणून दाखवलं होतं आणि मंजुरीनंतर त्याने रूप बदललं. असेल तसं. पण त्या माणसाने ते डाउनलोड केलं तेच मुळी ॲपलच्या स्टोअरवर आहे म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये परत तेच, लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपसारखंच दिसणारं 'लासपास' मंजूर झालं, एका अक्षराचा फरक, आणि लास्टपासने स्वतः लोकांना सावध केल्यानंतर ते गेलं. गूगल प्लेवर नोव्हेंबर २०१७ मध्ये खोटं व्हॉट्सॲप दहा लाखांवर डाउनलोड झालं होतं, डेव्हलपरच्या नावात न दिसणारी एक स्पेस घालून. खऱ्या डेव्हलपरचा स्क्रीनशॉट दोन पिक्सेल चुकला तर दिसतो आणि कंपनीच्या नावातलं एक अक्षर चुकलं ते दिसत नाही, हे मला या कामात इतकी वर्षं राहूनही समजत नाही.

सेलिब्रिटी आणि मंजुरी या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे पैसे घेऊन दाखवलेल्या जाहिराती. कारण जाहिरात पण मंजूर होते, फेसबुकवर जाहिरात टाकली तरी ती रिव्ह्यूतून जाते. मार्टिन लुईस हा ब्रिटनमधला पैशांचा सल्ला देणारा पत्रकार, तो कुठलीच जाहिरात करत नाही हे सगळ्यांना माहीत, आणि त्याच्याच फोटोच्या खोट्या गुंतवणुकीच्या जाहिराती फेसबुकवर इतक्या चालल्या की एप्रिल २०१८ मध्ये त्याने केस टाकली. जानेवारी २०१९ मध्ये तडजोड झाली, फेसबुकने ३० लाख पौंडांची मदत एका सल्ला देणाऱ्या संस्थेला दिली आणि तक्रारीसाठी वेगळं बटन आणलं. मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने याच प्रकारासाठी मेटाला कोर्टात खेचलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये टॉम हँक्सला स्वतः सांगावं लागलं की दातांच्या विम्याच्या जाहिरातीत दिसतोय तो मी नाही, एआयने बनवलेला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेटाने सांगितलं की आता साधारण ५० हजार प्रसिद्ध लोकांचे चेहरे ओळखून अशा जाहिराती पकडायची चाचणी करतोय. चांगली गोष्ट, पण लुईसची केस होऊन तोवर सहा वर्षं झाली होती.

आणि मग नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या आतल्या कागदपत्रांवरून जे छापलं ते वाचून मी खरंच अस्वस्थ झालो. २०२४ च्या कमाईतला साधारण १० टक्के, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या जाहिराती आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींमधून येईल असा कंपनीचाच अंदाज होता. जाहिरातदार फ्रॉड आहे याची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचं, त्याच्या खाली असेल तर त्याच्याकडून जास्त रेट घ्यायचा. मेटाचं म्हणणं की तो १० टक्क्यांचा अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता. धरून चालू की फुगलेला होता. तरी ९५ टक्के हा उंबरठा बघा. ॲप डेव्हलपरला संशयाचा फायदा कधी मिळत नाही, नुसत्या संशयावर अकाउंट बंद होतं आणि मग आपण खरे आहोत हे सिद्ध करायला कागद पाठवत बसावं लागतं. ज्याच्यावर फ्रॉडचा दाट संशय आहे तो मात्र जास्त पैसे भरून चालू राहतो. जो कुणाचं म्हातारपणाचं सेव्हिंग घेऊन जाणार त्याच्याकडून आधी जास्त रेट घ्यायचा, हे कुठल्या मीटिंगमध्ये बसून कुणी ठरवलं असेल.

माझं म्हणणं मोठं नाही. ॲपला जो नियम आहे की चालतं तेच दाखवा, तो कंपनीच्या स्वतःच्या जाहिरातीलाही लावा, मग त्यात कितीही मोठा ॲक्टर असो. रिजेक्ट करताना नेमकं काय चुकलं ते माणसाने लिहून सांगा, आणि फेरविचार जर होणारच असेल तर तो सोशल मीडियावर आरडाओरडा न करू शकणाऱ्याचाही करा. प्रसिद्ध चेहरा असलेली जाहिरात त्या माणसाची लेखी परवानगी बघितल्याशिवाय चढवू नका, हे तर तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही, एक फाइल अपलोड करायची असते. आणि सेलिब्रिटींनाही सांगायचंय की साइन करायच्या आधी ते फीचर स्वतःच्या हातात घेऊन एकदा चालवून बघा. अमेरिकेत किम कार्डाशियनला क्रिप्टोची जाहिरात करताना पैसे घेतल्याचं न सांगितल्याबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये १२.६ लाख डॉलर भरावे लागले, म्हणजे जबाबदारी ठरवता येते, कुणी ठरवायचं मनावर घेतलं तर.

आणि तुम्हाला एक विनंती, म्हणून तर हे पत्र. नवीन फोन लाँच झाला की त्याच्या फीचरची यादी तुमच्याकडे प्रेस नोटमधून येते आणि बऱ्याचदा तशीच छापली जाते, मी समजू शकतो, घाई असते. पण प्रत्येक फीचरच्या पुढे एवढंच लिहा की हे आज फोनमध्ये आहे का नंतर येणार आहे, आणि नंतर असेल तर कंपनीने तारीख दिलीय का. तारीख दिली नसेल तर 'तारीख दिलेली नाही' असंच छापा. तारीख उलटून गेली की त्याची दोन ओळींची बातमी करा. तुमच्या जाहिरात विभागालाही हाच प्रश्न विचारायला सांगा, फुल पेज जाहिरात येईल तेव्हा, सोबत कुणाचाही फोटो असला तरी.

आपला,
एक नियमित वाचक
(ॲप टेस्टिंगमध्ये काम करणारा)